दीवचे शंख-शिंपल्यांचे संग्रहालय मुलांना कसे दाखवावे

आपला प्रश्न असा आहे: दिवाळीच्या सुट्टीत सोमनाथ आणि गीर करून आपण दोन दिवस दीवला राहणार आहात, बरोबर 9 वर्षांची मुलगी आणि 5 वर्षांचा मुलगा आहे, आणि नागवा या समुद्रकिनाऱ्याच्या वाटेवरचे खासगी शंख-शिंपल्यांचे संग्रहालय मुलांसाठी वेळ काढून पाहण्यासारखे आहे का, मुले तेथे कंटाळणार तर नाहीत ना, आणि शेवटी त्यांना शिंपले विकत घेऊन द्यावेत की नाहीत. प्राणिशास्त्र शिकवण्यात आणि मुलांच्या गटांना किनाऱ्यांवर व अशा लहान संग्रहालयांत नेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

संग्रहालय अवश्य पाहावे. व्यापारी जहाजावर कप्तान म्हणून जगभर फिरलेल्या एका दर्यावर्दीने सुमारे 50 वर्षांत जमवलेला हा संग्रह आहे, आणि त्याची मांडणी मुलांच्या दृष्टीने फार उपयोगाची आहे, कारण येथे शिंपले नुसते काचेआड ठेवलेले नसून त्यांच्यावर भिंगे बसवलेली आहेत. तांदळाच्या दाण्याएवढ्या शंखावरची नक्षी मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, आणि हा अनुभव मोठमोठ्या सरकारी संग्रहालयांतही सहसा मिळत नाही. नावांच्या चिठ्ठ्या मात्र इंग्रजीत आहेत, त्यामुळे मुलांना मराठीतून सांगण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. संग्रहालय खासगी असल्यामुळे त्याच्या वेळा सरकारी कार्यालयासारख्या ठरलेल्या असतीलच असे नाही. आदल्या संध्याकाळी आपल्या हॉटेलातून चौकशी करून घ्यावी आणि शक्यतो सकाळी जावे, म्हणजे मुले ताजीतवानी असतात आणि पुढे समुद्रावर जाण्याचे आमिषही शिल्लक राहते.

आता कंटाळ्याविषयी. अगदी सुरुवातीच्या काळात मी 30 मुलांचा एक गट अशाच एका संग्रहालयात नेला होता आणि पहिल्या कपाटापासून शेवटच्या कपाटापर्यंत प्रत्येक नाव वाचून दाखवले होते. पाऊण तासाने मुले बाहेर आली तेव्हा त्यांना एकही शंख धड आठवत नव्हता. चूक मुलांची नव्हती, माझी होती. हजार शिंपले एकापाठोपाठ एक पाहिले की डोळ्यांपुढे नुसती रंगांची गर्दी उरते. त्यानंतर मी एकच पद्धत पाळली आहे: आठ-दहा नमुने निवडायचे, त्यांच्यापाशी भरपूर वेळ थांबायचे, आणि प्रत्येकापाशी एकच प्रश्न विचारायचा, या घरात कोण राहत होते आणि ते कसे जगत होते? शंख ही शोभेची वस्तू म्हणून पाहिली तर ती दोन मिनिटांत पाहून संपते. घर म्हणून पाहिली की मूल आपणहून प्रश्न विचारू लागते, कारण घर ही त्याच्या ओळखीची गोष्ट आहे.

म्हणून आत जाण्यापूर्वी, दारातच, मुलांना एवढे सांगून ठेवावे. गोगलगायीसारख्या मऊ अंगाच्या प्राण्यांना मृदुकाय म्हणतात. त्यांच्या अंगावर प्रावार नावाचा एक मांसल पडदा असतो, तो पाझरत राहतो आणि त्यातून चुन्याचे थरावर थर बसत जाऊन कवच तयार होते. विंचू किंवा खेकडा वाढताना जुने कवच टाकून नवे घेतो. शंखातला प्राणी तसे करत नाही, तो त्याच घराला पुढे नवी खोली जोडत जातो. म्हणूनच शंखाच्या अगदी टोकावर, जेथे तो टाचणीच्या डोक्याएवढा असतो, तेथे त्याचे बालपण असते. भिंगाखाली हे टोक दाखवून ‘हा एवढासा होता तेव्हाचे हे घर’ असे म्हटले की पाच वर्षांचे मूलही ते टोक पुन्हा पुन्हा शोधते. माझा हा अनुभव वर्षानुवर्षांचा आहे आणि तो एकदाही खोटा ठरलेला नाही.

कवडीपासून सुरुवात करावी, कारण ती आपल्या घरातली आहे. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ मुलांनी पाहिलेली असते, सारीपाटाच्या खेळात कवड्या असतात, आणि ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्द आपण रोज वापरतो. ते का वापरतो, हे मुलीला येथे सांगता येईल: मालदीवच्या समुद्रातून येणारी लहान पिवळसर कवडी भारतात, आफ्रिकेत आणि अन्यत्र शेकडो वर्षे चलन म्हणून चालत होती, आणि सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये तिला शास्त्रीय नाव देतानाही त्यात ‘मोनेटा’ म्हणजे पैसा हाच शब्द घातला. यानंतर कवडी चकचकीत का असते ते विचारावे. बहुतेक मुले ‘पॉलिश केली म्हणून’ असे उत्तर देतात. खरे कारण असे की जिवंत कवडी आपला प्रावार दोन्ही बाजूंनी बाहेर काढून संपूर्ण कवचावर पांघरते, त्यामुळे कवचाला ना वाळूचा घासा लागतो ना त्यावर शेवाळ बसते. काही कवड्यांच्या पाठीवर एक फिकट रेघ असते. पांघरुणाच्या दोन कडा जेथे एकमेकींना भेटत, तेथली ती खूण आहे. ही रेघ भिंगाखाली सापडली की मुलगी बाकीच्या सगळ्या कवड्यांवर ती शोधायला लागेल. तिला शोधू द्यावे, पुढे चला म्हणून घाई करू नये.

नंतर शंख. देवघरातला शंख मुलांना माहीत असतो, पण त्यात एक प्राणी राहत होता हे पुष्कळदा मोठ्यांनाही लक्षात आलेले नसते. येथे उजव्या-डाव्याचा एक सुंदर खेळ करता येतो. शास्त्रज्ञ शंख टोक वर धरून पाहतात. तसे पाहिले असता जवळजवळ सगळ्या शंखांचे तोंड आपल्या उजवीकडे येते. आपल्या परंपरेत मात्र टोकाच्या विरुद्ध बाजूची निमुळती नाळ वर धरून पाहतात, त्यामुळे तोच शंख वामावर्ती, म्हणजे डावा, ठरतो, आणि त्याच जातीत क्वचित एखादा उलट्या वळणाचा जन्मला तर तो दक्षिणावर्ती, म्हणजे उजवा. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त धरण्याची पद्धत निराळी आहे. मुलीला संपूर्ण दालनात डावीकडे तोंड असलेला एखादा शंख आहे का ते शोधायला सांगावे. तिचा अर्धा तास कसा गेला हे तिलाही कळणार नाही.

हे सांगत असतानाच मोठ्यांसाठी एक इशारा द्यावासा वाटतो. दक्षिणावर्ती म्हणून बाजारात जे विकले जातात त्यांपैकी पुष्कळसे आपल्या देवघरातल्या शंखाच्या जातीचे नसतातच. अमेरिकेच्या किनाऱ्यावर लायटनिंग व्हेल्क नावाचा एक शंख मिळतो, त्याचे तोंड जन्मतःच डावीकडे असते आणि तेथे तो दुर्मीळही नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. आपल्या खऱ्या शंखाच्या तोंडात, आतल्या खांबावर, तीन-चार ठळक आडव्या घड्या असतात आणि बोट फिरवले तर त्या हाताला लागतात. अमेरिकी शंखाचा खांब गुळगुळीत असतो. श्रद्धेच्या पोटी माणसे मोठाल्या रकमा मोजतात, म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक गटातल्या पालकांना सांगतोच.

पाच वर्षांच्या मुलासाठी झेनोफोरा नावाचा शंख आवर्जून शोधावा किंवा तेथील माणसांना तो कोठे आहे ते विचारावे. हा प्राणी वाढत असताना समुद्रतळावरचे रिकामे शिंपले, बारीक खडे, पोवळ्याचे तुकडे उचलतो आणि आपल्या कवचाच्या कडेला एकेक करून चिकटवून घेतो. वरून पाहिले तर कोणीतरी शिंपल्यांचा कचरा गोळा करून ठेवला आहे असेच वाटते, आणि उलटा केला की खाली व्यवस्थित शंखाचे तोंड दिसते. भिंगातून पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते: दुपाखी, म्हणजे दोन झडपांचे, शिंपले तो बहुधा पालथे न लावता खोलगट बाजू वर करून लावतो. मुले या शंखापाशी हटकून थबकतात, कारण हा प्राणी त्यांच्यासारखाच वस्तू जमवणारा आहे. ‘याने किती जमवले, मोज बरे’ एवढे म्हणावे आणि बाजूला उभे राहावे.

नॉटिलस या समुद्रात तरंगणाऱ्या मृदुकायाचा वेटोळा शंख बहुधा अर्धा कापलेला ठेवलेला असतो, आणि तो तसाच पाहावा. आतले मोत्यासारखे चमकणारे कप्पे, प्रत्येक भिंतीच्या मध्यभागी एक बारीक नळी जाण्याचे छिद्र, आणि सर्वांत बाहेरचा एकच मोठा कप्पा ज्यात प्राणी स्वतः राहतो. मागच्या बंद कप्प्यांतले पाणी त्या नळीवाटे कमी-अधिक करून तो समुद्रात तरंगतो. पाणबुडीचे तत्त्व नऊ वर्षांच्या मुलीला समजावण्याचे याहून चांगले साधन मला माहीत नाही. येथेच तिला हेही सांगावे की नॉटिलस गोगलगायींपेक्षा आपल्या बाजारातल्या माकुळाचा जवळचा नातेवाईक आहे, आणि किनाऱ्यावर सापडणारा पांढरा, हलका समुद्रफेस म्हणजे त्या माकुळाच्या अंगातले कवच आहे, जे पक्षी पाळणारे पिंजऱ्यात अडकवून ठेवतात.

कोनस गटातले शंकूच्या आकाराचे शंख फार देखणे असतात आणि म्हणूनच त्यांच्याविषयी थोडे गंभीरपणे बोलणे भाग आहे. हे प्राणी शिकारी आहेत. त्यांच्या सोंडेतून भाल्यासारखा पोकळ विषारी दात सुटतो, आणि काही जातींच्या दंशाने माणसे मेलेली आहेत. मुलांना घाबरवण्यासाठी हे सांगायचे नाही, पण किनाऱ्यावर जिवंत कोनस दिसला तर तो हातात किंवा खिशात घ्यायचा नाही, हा नियम त्यांना संग्रहालयातच, काचेच्या या बाजूला उभे असताना, शिकवावा. त्याच विषाच्या अभ्यासातून झिकोनोटाइड हे अतितीव्र वेदनेवरचे औषध तयार झाले आणि 2004 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, हे ऐकले की मुलीला भीतीच्या जोडीला कुतूहलही वाटेल.

आणखी एक चपटा, पातळ, अभ्रकासारखा अर्धपारदर्शक शिंपला पाहायला मिळाला तर गोव्याची आठवण करून द्यावी. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळात गोव्यातल्या पोर्तुगीज वळणाच्या घरांच्या खिडक्यांत लाकडी पट्ट्यांच्या चौकटी करून त्यांत हेच शिंपले बसवत, आणि तशा खिडक्या आजही काही जुन्या घरांत आहेत. गोवा, दमण आणि दीव 1987 सालच्या मेअखेरपर्यंत एकाच केंद्रशासित प्रदेशात होते, हे मुलीला भूगोलाच्या निमित्ताने सांगता येईल.

बाकी तारामासे, समुद्रसाळूंची कवचे, पोवळी वगैरे वस्तू असतील तर त्या पाहाव्यात, पण त्या मृदुकायांच्या नव्हेत एवढे सांगून पुढे जावे.

वेळेचे गणित असे ठेवावे की आत सव्वा तासापेक्षा अधिक थांबायचे नाही, आणि त्यातली पंधरा मिनिटे चित्र काढण्यासाठी ठेवायची. मुलीला एक वही आणि साधी शिसपेन्सिल द्यावी, तिला आवडलेला एकच शंख निवडू द्यावा आणि तो काढायला सांगावा. फोटो काढताना मूल शंखाकडे दोन सेकंद पाहते. चित्र काढताना त्याला वेटोळी मोजावी लागतात, काटे कोठून फुटतात ते पाहावे लागते, तोंडाची कड आत वळली आहे की बाहेर हे ठरवावे लागते. चित्र चांगले येणे न येणे याला काही महत्त्व नाही, आणि ते सुधारून देण्याचा मोह पालकांनी आवरावा. मुलाला उचलून घ्यावे लागेल, कारण भिंगातून नीट दिसण्यासाठी डोळा योग्य उंचीवर हवा. आपण दोघे असाल तर एकाने मुलाबरोबर आणि एकाने मुलीबरोबर स्वतंत्रपणे फिरावे. दोघांची गती एक नसते आणि एकासाठी दुसऱ्याला थांबवले की दोघेही चिडतात.

खासगी संग्रहालयाची खरी दौलत म्हणजे त्याची निगा राखणारी माणसे. सरकारी संग्रहालयातला पहारेकरी बहुधा ‘हात लावू नका’ एवढेच म्हणतो. येथे एखादा नमुना कोठून आला, कसा मिळाला, हे सांगणारे कोणी भेटण्याची शक्यता असते. मुलीला घरीच दोन प्रश्न लिहून आणायला सांगावे आणि ते तिने स्वतः विचारावेत, आपण तिच्या वतीने विचारू नयेत. एक प्रश्न मी सुचवतो: शिंपले खराब होऊ नयेत म्हणून तुम्ही काय करता? शिंपले अक्षय टिकतात असा समज आहे, पण तो बरोबर नाही. काही लाकडांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने बंद कपाटातले शिंपले हळूहळू पांढरट, पिठूळ होऊन झिजू लागतात. संग्राहक याला बाइनचा रोग म्हणतात, पण तो खरोखरीचा रोग नसून रासायनिक क्रिया आहे. आपल्या घरी मुले शिंपले लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवत असतील, तर ते धुऊन, पूर्ण वाळवून, प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या बरणीत ठेवायला शिकवावे.

आता विकत घेण्याविषयी. माझे स्पष्ट मत आहे की किनाऱ्यावरच्या दुकानांतून शिंपले विकत घेऊ नयेत. आपोआप वाहून आलेला शिंपला लाटांनी घासून निस्तेज झालेला, कोठे कड तुटलेला असतो. दुकानातला शिंपला अखंड आणि चमकदार असतो तो बहुतेक वेळा प्राणी जिवंत असतानाच समुद्रातून काढलेला असतो म्हणून. शिवाय कायद्याचा प्रश्न आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या अनुसूचींमध्ये 2001 साली काही शंख-शिंपल्यांचा समावेश झाला. त्यांत नॉटिलस, ट्रायटन, शिंगांचा हेल्मेट शंख, राक्षसी शिंपल्याच्या काही जाती आणि वर सांगितलेला खिडकीचा शिंपलाही आला. दुकानदाराने ‘सगळे विकतात’ असे सांगितले तरी अशा वस्तूंची खरेदी गिऱ्हाइकाच्याही अंगाशी येऊ शकते. मुलांना ‘परवानगी नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा, ज्या घरात कोण राहत होते ते आपण सकाळी पाहिले, त्याच घरातून त्याला काढून हे विकायला ठेवले आहे, असे सांगितले तर त्यांना ते पटते.

येथे एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका सहलीत माझ्या गटातल्या सात-आठ वर्षांच्या एका मुलाने किनाऱ्यावरचे ‘छान छान शंख’ पिशवीत भरले आणि ती पिशवी बसमध्ये आपल्या आसनाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी वास येऊ लागला तेव्हा पिशवी उघडली. त्या प्रत्येक शंखात संन्यासी खेकडा होता, रिकाम्या शंखात शिरून राहणारा, आणि ते सगळे मेलेले होते. मूल रडले आणि त्याच्याइतकाच मीही कष्टी झालो, कारण वेचण्यापूर्वी शंख तपासून पाहायला मी त्याला शिकवलेच नव्हते. तेव्हापासून नियम असा: शंख उचलला की ओल्या वाळूवर तोंड वर करून ठेवायचा आणि आपण दोन पावले मागे सरून शंभर अंक मोजायचे. पाय दिसले किंवा तोंडावर घट्ट झाकण दिसले तर तो शंख जेथून उचलला तेथेच ठेवायचा. रिकामा असला तरी मूठभरापेक्षा अधिक घरी न्यायचे नाहीत, कारण संन्यासी खेकड्याला वाढताना मोठे घर लागते आणि ते त्याला किनाऱ्यावरच शोधावे लागते.

संग्रहालयातून निघाल्यावर थेट हॉटेलवर न जाता नागव्याच्या किनाऱ्यावर जावे, ओहोटीची वेळ आधी विचारून. तेथे मुलांना महागडे, दुर्मीळ शंख मिळणार नाहीत, आणि ते मिळावेत अशी अपेक्षाही ठेवू नये. त्यांना शोधायला द्यावा एक भोक पडलेला शिंपला. खाण्यातल्या तिसऱ्यांच्या किंवा तशाच दुपाखी शिंपल्यांवर, बिजागरीच्या जवळपास, एक अगदी गोल, कडेला तिरकस उतरलेले भोक दिसते. ते इतके नेटके असते की कोणी गिरमिटाने पाडले असावे असे वाटते. चंद्रशंख म्हणून ओळखली जाणारी समुद्री गोगलगाय वाळूखाली शिंपल्याला कवेत घेते, कवचावर आम्लासारखा स्राव सोडते, खरखरीत जिभेने ते घासत घासत आरपार जाते आणि आतला प्राणी खाऊन टाकते. सकाळी ज्या गोलमटोल, गुळगुळीत शंखाकडे मुलांनी कौतुकाने पाहिले, त्यानेच हे केलेले असते. असा एक शिंपला सापडला की मुले दोरा मागतात, कारण भोक आयतेच असते. तो जरूर द्यावा. हा दागिना कोणाला मारून केलेला नाही, आणि त्याची संपूर्ण गोष्ट मुलांना ठाऊक आहे.

परतल्यावर आपण मुंबईत राहत असाल तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाच्या किनारा-फेऱ्यांची चौकशी करावी. त्यांत ओहोटीच्या वेळी खडकांमधले जिवंत प्राणी जागेवरच दाखवतात. कोकणात गाव असेल तर तेही लागत नाही. आजीला सांगून मुळे किंवा तिसऱ्या हे खाण्याचे शिंपले काढायला जाणाऱ्या बायकांबरोबर मुलांना एक सकाळ पाठवावे. त्या बायकांना वाळूवरची कोणती खूण कशाची आहे हे जेवढे कळते तेवढे मला पुस्तकांतून शिकता आलेले नाही. मुलीने दीवला काढलेले चित्र त्या वेळी बरोबर ठेवावे आणि त्यांना दाखवावे. त्यांच्याकडे त्या शंखाला काय म्हणतात ते तिने त्याच पानावर, चित्राच्या खाली, लिहून घ्यावे.